जनुकीय चाचणीवरून मुलीचा पल्ला ठरवावा का?

पंचवटीकर

माझी मुलगी तेरा वर्षांची असून गेली दीड वर्षे ती १५०० आणि ३००० मीटरचा सराव करते. पहिल्या वर्षी तिची वेळ झपाट्याने सुधारली. दिवाळीपासून मात्र ती जिथल्या तिथे आहे आणि ३००० मीटरच्या शेवटच्या दोन फेऱ्यांत तिचे पाय अक्षरशः जड होतात. ती ज्या खासगी वर्गात जाते तेथील प्रशिक्षकांचे म्हणणे असे की, तिच्या जीन्समध्येच लांब पल्ला नसावा. तेव्हा लाळेचा नमुना पाठवून चाचणी करून घ्यावी आणि अहवाल येईल त्याप्रमाणे तिला १०० किंवा २०० मीटरकडे वळवावे. खर्च नऊ हजार रुपये आहे. तो मी कसाही करीन, पण अहवालात नकार आला तर तो मुलीला कोणत्या तोंडाने सांगायचा, हे मला उमगत नाही. आमच्या घरात कोणी कधी धावलेले नाही. माझे वडील वर्षानुवर्षे सायकलवरून ओझरला कामाला जात, एवढीच काय ती आनुवंशिकता. अशा चाचणीवर किती विश्वास ठेवावा, हे जाणकारांनी सांगावे.

गंगापूर रोडचा रविवारी धावणारा

ही चाचणी मी हौसेने करून घेतली आहे, म्हणून लिहितो. गुळगुळीत कागदावरच्या माझ्या अहवालात एसीटीएन-३ या जनुकापुढे 'एक्स-एक्स' असे छापलेले असून, त्याखाली हिरव्या चौकटीत 'आपली शरीररचना सहनशक्तीच्या खेळांस अनुकूल आहे' असे वाक्य आहे. तो वाचून झाल्यानंतरच्या अर्धमॅरेथॉनला मला दोन तास एकेचाळीस मिनिटे लागली.

जीवशास्त्राच्या बाई

वरील अहवालातील 'एक्स-एक्स'चा अर्थ आधी सांगते. स्नायूंतील वेगवान तंतूंमध्ये अल्फा-ॲक्टिनिन-३ नावाचे प्रथिन असते आणि ते बनवण्याची सूचना एसीटीएन-३ या जनुकात असते. आई आणि वडील या दोघांकडूनही या जनुकाची निकामी प्रत आली की ते प्रथिन शरीरात मुळीच तयार होत नाही. जगातील सुमारे १८ टक्के माणसे अशी आहेत आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांना असे आढळले की, अव्वल दर्जाच्या कमी पल्ल्याच्या धावपटूंमध्ये ही माणसे फारच थोडी असतात. तेवढ्यावरून, हे प्रथिन नसेल तर माणूस लांब पल्ल्याचा, असा उलटा निष्कर्ष बाजाराने काढला. तो खरा असता तर केनियाचे धावपटू 'एक्स-एक्स'ने भरलेले असायला हवे होते. प्रत्यक्षात तेथे हा प्रकार जेमतेम एक टक्का लोकांत सापडतो. एसीई या दुसऱ्या जनुकाचीही हीच गत झाली. १९९८ मध्ये ब्रिटिश गिर्यारोहकांच्या अभ्यासावरून ते सहनशक्तीचे जनुक म्हणून गाजले, परंतु केनियाच्या धावपटूंमध्ये त्याचा संबंध दिसला नाही.

याचा अर्थ आनुवंशिकतेला महत्त्व नाही, असा मात्र कोणी घेऊ नये. तसे म्हणणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. हेरिटेज या अभ्यासात न धावणाऱ्या, व्यायामाची सवय नसलेल्या कुटुंबांतील आईवडील आणि मुले यांना वीस आठवडे एकाच पद्धतीने सायकलचा व्यायाम दिला गेला. शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, म्हणजे ज्याला धावपटू व्हीओटू मॅक्स म्हणतात, ते सरासरीने सुमारे ४०० मिलिलिटरने वाढले. पण काहींचे जवळजवळ वाढलेच नाही, तर काहींचे एक लिटरहून अधिक वाढले. शिवाय एका घरातील माणसांचा प्रतिसाद परस्परांशी मिळताजुळता होता, त्यामुळे या फरकातील जवळपास निम्मा भाग घराण्यातून येत असावा असे संशोधकांनी मांडले. 'निम्मा' हा आकडा माणसामाणसांतील फरकाबद्दल आहे. तुमच्या मुलीची निम्मी धाव तुमच्याकडून आली, असा त्याचा अर्थ होत नाही.

अडचण अशी की, हा वाटा एका जनुकात साठलेला नसून शेकडो जनुकांत चिमूट-चिमूट विखुरलेला आहे. हृदयाचा आकार, रक्ताचे प्रमाण, स्नायूंतील केशवाहिन्या, पिंडरीची जाडी, अशा प्रत्येक गोष्टीमागे वेगवेगळी जनुके आहेत. पिंडरीचेच पाहा: प्रत्येक बुटात शंभर ग्रॅम वजन वाढवले तर धावताना लागणारा प्राणवायू साधारण एक टक्क्याने वाढतो, मग बारीक पिंडऱ्यांच्या, केनियातील कालेनजिन जमातीच्या धावपटूंना प्रत्येक पावलामागे किती बचत होत असेल! एकाच जनुकाने मोठा फरक पडल्याचे लख्ख उदाहरण म्हणजे फिनलंडचे स्कीपटू एरो मेंतिरांता. १९६४ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके मिळवणाऱ्या या माणसाचे हिमोग्लोबिन २० ग्रॅमच्या वर असे, कारण तांबड्या पेशी वाढवणाऱ्या संप्रेरकाचा संदेश घेणाऱ्या प्रथिनातच (ग्राहकात) जन्मजात बदल होता. तो बदल त्यांच्या कुटुंबातील अनेकांत होता. ते सगळे काही ऑलिंपिकला गेले नाहीत.

२०१५ मध्ये या क्षेत्रातील तज्ज्ञांनी ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये एकत्रितपणे स्पष्ट लिहिले की, मुलांमधील गुणवत्ता हेरण्यासाठी अशा चाचण्यांचा उपयोग करू नये. माझे मत त्याहून वेगळे नाही.

पी. टी.चे सर, हरसूल भाग

बाईंनी विज्ञान सांगितले आहे, मी मैदानावरचे सांगतो. पहिल्या वर्षी वेळ झपाट्याने उतरली, असे आपणच लिहिले आहे. सरावाला तिचे शरीर दाद देते की नाही, याची याहून चांगली चाचणी कोणती? प्रश्न दिवाळीनंतर काय बदलले, हा आहे, आणि जनुके दिवाळीनंतर बदलत नाहीत.

या वयात पाळी सुरू होते, उंची वाढते, आणि शरीराला लोह कमी पडू लागते. शेवटच्या फेऱ्यांत पाय जड होणे हे मी अनेक मुलींत पाहिले असून, त्यातील बऱ्याच जणींच्या रक्तात लोह कमी निघाले. म्हणून सीबीसी (रक्तपेशी व हिमोग्लोबिन मोजणारी) आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी) या दोन तपासण्या आधी कराव्यात. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन तळाला गेलेले असू शकते, तेव्हा केवळ पहिलीवर थांबू नये.

जनुकाचीच चाचणी करायची असेल तर आमच्या पट्ट्यात एक खरोखर उपयोगाची आहे, ती सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराची. आदिवासी भागांत या आजाराचे वाहक बरेच असतात. ते एरवी निरोगी असतात आणि धावूही शकतात. पण कडक उन्हात, पाणी न पिता, एकदम जोर लावला तर त्यांच्या जिवाला धोका होऊ शकतो. म्हणून वाहक मुलाला मी संघातून काढत नाही. त्याला सावकाश गरम होऊ देतो, पाणी हातात देतो आणि त्याने 'सर, थांबतो' म्हटले की वाद न घालता थांबू देतो. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते.

कविता राऊत आमच्याच सावरपाड्याची. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य तिने मिळवले, तेव्हापासून 'या मातीतच काहीतरी आहे' असे मला दर महिन्याला कोणी ना कोणी ऐकवतो. डोंगराच्या हवेचेही कौतुक होते. पण नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे आणि केनियातील धावपटूंचे गाव इटेन सुमारे २४०० मीटरवर, तेव्हा विरळ हवेने रक्त वाढण्याची गोष्ट इथे लागू होत नाही. मला विचाराल तर पाड्यावरची चाळणी जनुकांआधीच लागते: कोणत्या घरातून मुलीला पहाटे मैदानावर सोडतात, हीच ती चाळणी.

पंचवटीकर

सर्वांचे आभार. काल रक्ताचा अहवाल आला. हिमोग्लोबिन ११.१ असून फेरिटिन ९ आहे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आहेत आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी सांगितली आहे. सिकलसेलचीही तपासणी करून घेतली, ती निरंक आहे. लाळेची डबी मी परत केली. प्रशिक्षकांना हे फारसे पटलेले दिसत नाही, आणि तोवर तिला २०० मीटरला उतरवावे असा त्यांचा आग्रह आहे. सर, या तीन महिन्यांत तिचा लांब सराव पूर्ण बंद ठेवावा, की हलका चालू ठेवावा?

पी. टी.चे सर, हरसूल भाग

डॉक्टरांची हरकत नसेल तर आठवड्यातून तीन दिवस, सोबत बोलत-बोलत धावता येईल एवढ्याच वेगाने चालू ठेवावा. घड्याळ घरी ठेवा. गोळीनंतर तासभर चहा देऊ नका.