डाव्या बाजूचं ऑपरेशन आणि शब्द आठवणं

अबोली:
माझ्या धाकट्या बहिणीला अकरावीपासून फिट येतात, औषधं बदलून बदलून थकलो, थांबत नाहीत. एमआरआयमध्ये डावा हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणी पक्क्या करणारा भाग) आकसलेला दिसला, आता तो काढायच्या ऑपरेशनचं चाललंय. ती शाळेत मराठी शिकवते हो! टेस्टमध्ये 15 शब्दांची यादी वाचून दाखवली, लगेच विचारलं तर बरेच सांगितले आणि अर्ध्या तासाने फक्त तीन. चित्र मात्र आठवून बरंचसं बरोबर काढलं. असं कसं? आणि उरलीसुरली आठवणही ऑपरेशनमध्ये गेली तर?

पारिजात:
ताई, बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते, त्यामुळे ऐकलेले नवे शब्द पक्के करायचं काम जास्त करून डाव्या हिप्पोकॅम्पसकडे. लगेच सांगणं म्हणजे लक्ष देऊन धरून ठेवणं, त्यात कपाळामागचा भाग लागतो. अर्ध्या तासानंतरचं हिप्पोकॅम्पसशिवाय जमत नाही. चित्राला उजव्या बाजूची मदत होते, अर्थात अशी सरळ वाटणी प्रत्येकात नसते. शिकून मुरलेलं मराठी बाहेरच्या थरांत पसरलेलं असतं, त्याची एवढी भीती नाही.

अबोली:
पण असंच ऑपरेशन झालेल्या त्या एच. एम. नावाच्या पेशंटचं वाचलं आणि हातपायच गळाले.

पारिजात:
त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग 1953 साली दोन्ही बाजूंनी काढला होता, म्हणून नवीन काही लक्षातच राहीना. मेंदू-मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्यांना तपासलं आणि तेव्हापासून डॉक्टर सावध झाले. आता एकाच बाजूचं करतात. आणि ऐकायला उलटं वाटेल, पण धडधाकट हिप्पोकॅम्पस काढला तर जास्त नुकसान होतं, आकसलेला आधीच फारसं काम करत नसतो. भाषा नक्की कुठल्या बाजूला आहे ते फंक्शनल एमआरआय किंवा वाडा टेस्टने बघणार का, हे जरूर विचारा. वाडामध्ये औषधाने एक बाजू काही मिनिटं झोपवतात आणि तेवढ्यात बोलायला, आठवायला लावतात.

सह्याद्री:
माझं डावीकडचंच झालंय, चार वर्षं झाली. फिट थांबल्या. ओळखीच्या माणसांची नावं मात्र जिभेवर येऊन अडकतात, कारण मेंदूच्या कानाजवळच्या भागाचं पुढचं टोकही काढलं आणि नावं सापडायला ते लागतं असं मला सांगितलं होतं. गोष्ट ऐकली तर आशय राहतो, नेमके शब्द निसटतात, म्हणून सगळं लिहून ठेवतो. अजून एक, तिला टोपिरामेट हे फिटचं औषध चालू आहे का? त्यानेही शब्द अडतात, डॉक्टरांना विचारा, मनाने बंद मात्र करू नका.

अबोली:
हो, टोपिरामेटच आहे!! सोमवारी जातोय, विचारते.