कोर्टातलं ‘अ‍ॅनिमेशन’: चित्रफीत, पुरावा की आणखी काही?

तळटीप:
एका अमेरिकी दाव्यातला तज्ज्ञाचा अहवाल मराठीत करतेय. पावर प्रेसवर (पत्रा दाबून कापणारं, घडवणारं मशीन) मुलाची तीन बोटं गेली. आईवडील साताऱ्याकडचे, अहवाल त्यांना वाचायचाय. दावा मशीन बनवणाऱ्या कंपनीवर आहे, कारण तिकडे कामावरच्या इजेबद्दल सहसा मालकाला कोर्टात खेचता येत नाही. त्याच्याकडची भरपाई कामगार-भरपाई योजनेतून मिळते आणि दावा लावायला उरतो तो मशीनवाला किंवा दुसरा ठेकेदार.

अहवालाला जोडून ४० सेकंदांचं थ्रीडी अ‍ॅनिमेशन आहे. मी ‘अपघाताची चित्रफीत’ असं लिहून पाठवलं. संध्याकाळी आईचा फोन: “म्हणजे तवा कुणी शूटिंग घेत हुबं हुतं? आन् त्याचा हात नाय वडला?”

मला पाच मिनिटं बोलायला सुचेना. शब्द सुचवा.

रोजनामा:
चित्रफीत म्हटलं की कॅमेरा आला, आणि कॅमेरा आला की ‘घडलं ते दिसलं’ असं वाटणारच. त्या माउलींची काही चूक नाही. वर्तमानपत्रंही हेच करतात.

अहवालात कुठे ‘खटला’ लिहिलं असेल तर तेही बदला. खटला फौजदारी, दिवाणीत दावा. बाकी पूर्ण वाक्य टाका, मग बोलू.

तळटीप:
‘हे अ‍ॅनिमेशन पुरावा म्हणून सादर करण्यात येत आहे.’ हे माझं मराठी. मूळ इंग्रजीत ‘इलस्ट्रेटिव्ह एड’ आहे, ते मी घाईत ‘पुरावा’ करून टाकलं.

रोजनामा:
घाईत फार मोठी उडी मारलीत ताई. अमेरिकी संघीय न्यायालयांच्या पुरावा-नियमांत १ डिसेंबर २०२४ पासून १०७ क्रमांकाचा नवा नियम आहे, तो याच शब्दासाठी. असं साधन पुरावा समजून घ्यायला मदत करतं, स्वतः पुरावा नसतं. ज्यूरी विचारविनिमयाला आत गेली की ते सोबत देत नाहीत, सगळे पक्ष राजी असतील किंवा न्यायालयाला सबळ कारण दिसलं तरच देतात. तुमच्या एका शब्दानं ते थेट ज्यूरीच्या खोलीत पोचलं!

आमच्या कोर्टाच्या बोलीत याला जवळची वस्तू आहे: पंचनाम्यासोबतचा कच्चा नकाशा. विहीर इथं, बांध इथं, प्रेत इथं. नकाशा काढणारा पिंजऱ्यात उभा राहून ‘मी पाहिलं तसं काढलं’ म्हणतो, उलटतपास सोसतो, तेव्हा कुठे त्या कागदाला किंमत. माझं मत ‘हलता नकाशा’.

चोविसावी_फ्रेम:
पुण्यात बसून अशी कामं केली आहेत, म्हणून थोडं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांना एकच शब्द देऊ नका. पहिली, तज्ज्ञ सांगतो तसं आम्ही हलवतो ते अ‍ॅनिमेशन. दुसरी, वजन, वेग, घर्षण असे आकडे भरून प्रोग्रॅमलाच ‘काय झालं असेल’ विचारायचं, ते सिम्युलेशन. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली हाच फरक धरला: पहिलं साक्षीचं चित्र, म्हणून ते साक्षीशी जुळलं की पुरे. दुसऱ्यातून नवा निष्कर्ष निघतो, म्हणून त्यामागचं शास्त्र आधी तपासायचं.

आम्हाला सूचनाही तशाच येतात. माणूस राखाडी पुतळा हवा, चेहऱ्यावर भाव नको, रक्त नको, किंकाळी नको. पेनसिल्वेनियातल्या एका खून खटल्यात २००६ साली अ‍ॅनिमेशन ग्राह्य ठरलं, त्यात असलं भडक काही नव्हतं हेही न्यायालयानं पाहिलं होतं.

पण पुतळा थंड ठेवला तरी वेळेशी खेळता येतं. मिनिटाला ६० स्ट्रोकची, म्हणजे ६० वेळा खाली-वर होणारी प्रेस असेल तर रॅम (वरून आपटणारा ठोकळा) अर्ध्या सेकंदात खाली येतो. तो ‘नीट दिसावा म्हणून’ ४ सेकंदांत उतरवला की बघणाऱ्याला वाटतं, एवढा वेळ होता, हात का नाही काढला?

तळटीप:
अगदी आईनं विचारलं तेच!

सिम्युलेशनला कोशात ‘अनुकरण’ सापडलं. ‘नक्कल’ कसं वाटतं?

रोजनामा:
नक्कल नको हो, कोर्टात नक्कल म्हणजे सही-शिक्क्याची प्रत, त्यासाठी आमच्या खिडकीपुढे रांग लागायची. ‘गणिती प्रतिरूप’ चालेल. आणि आपल्याकडे असली फाइल दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. ते फाइल कुठल्या संगणकातून कशी आली एवढंच सांगतं. अपघात तसाच घडला, हे त्यात नसतं.

फिटर_भोसरी:
मी कोर्टातला नाही, प्रेसशॉपमधला. ताई, गार्डला (हात आत जाऊ नये म्हणून मशीनला लावलेली आड) ‘संरक्षक कुंपण’ लिहिलं असेल तर काढा. जुन्या, १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २१ व्या कलमात ‘फेन्सिंग’ होतं खरं, पण कुंपण म्हटलं की मला शेत दिसतं. गार्डच लिहा. आणि पेडल एकदा दाबून स्ट्रोक दोनदा बसला, असं काही आहे का अहवालात? आमच्यात त्याला ‘डबल पडला’ म्हणतात.

तळटीप:
आहे! मी ‘अनपेक्षित पुनरावृत्ती’ केलंय.

फिटर_भोसरी:
त्यानं कुणाला धडकी भरणार?

तळटीप:
नाही भरणार. बदलते. आता वाक्य असं: ‘डबल स्ट्रोक कसा पडला असावा, हे तज्ज्ञांच्या साक्षीनुसार दाखवणारा हलता नकाशा (संगणकावर काढलेला, प्रत्यक्ष चित्रण नव्हे).’ ‘असावा’ मुद्दाम ठेवलंय.

चोविसावी_फ्रेम:
‘नकाशा’ला माझी थोडी हरकत. नकाशात जागा असते, वेळ नसते. इथे सगळं भांडण वेळेचं आहे. कंसात ‘गती कमी करून’ घाला.

फिटर_भोसरी:
मला नकाशा आवडला. पण नकाशा म्हटला तर मापं पाहिजेत. पेडल ते डाय (खालचा साचा) अंतर किती, गार्डची फट किती, हे त्या चाळीस सेकंदांत कुठं लिहिलेलं दिसतं का?

तळटीप:
आत्ता पुन्हा थांबवून थांबवून पाहिलं. कुठेच नाही. वकिलांना कळवते.