प्रबंधांची डिजिटल रिपॉझिटरी: सगळ्या फायली चढवण्याआधी काय पक्कं करावं?

ग्रंथदालन (प्रश्न)

नमस्कार. विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी डीस्पेस ७ या सॉफ्टवेअरवर रिपॉझिटरी, म्हणजे प्रबंधांचा डिजिटल संग्रह, उभी करायचं काम चालू आहे. सुमारे ३००० प्रबंध आहेत. निम्मे स्कॅन केलेले, बाकीचे टाइप केलेल्या पीडीएफ. चाचणीपुरते थोडे चढवले, तर तीन गोष्टी अडल्या. नोंद व्यवस्थित दिसते, पण प्रबंधाच्या आतला शब्द शोधला की काहीच हाती लागत नाही. स्कॅनचं समजू शकतं, पण टाइप केलेल्या मराठी प्रबंधांतही तेच होतं. दुसरं, कायमच्या दुव्यात १२३४५६७८९ असा आकडा येतो. तिसरं, गूगल स्कॉलरवर (गूगलच्या संशोधनपर लेखनाच्या शोधसेवेवर) एकही नोंद दिसत नाही. उरलेलं चढवण्याआधी आणखी काय ठरवून घ्यावं?

सर्व्हर_कट्टा

आधी दुव्याचं मार्गी लावा, कारण तोच नंतर बदलता येत नाही. १२३४५६७८९ हा डीस्पेसचा नमुन्यादाखल दिलेला प्रीफिक्स, म्हणजे दुव्यातला संस्थेचा क्रमांक, आहे. तुमच्या सर्व्हरवर तो चालतो, पण हँडल या कायमच्या दुव्यांच्या जागतिक यंत्रणेतून उघडत नाही. स्वतःचा प्रीफिक्स नोंदवून घ्या, हँडल सर्व्हर चालू करा आणि फायरवॉलमध्ये २६४१ हा पोर्ट बाहेरून खुला ठेवा. बहुतेकांचं घोडं या पोर्टपाशीच अडतं. मग प्रीफिक्स बदलण्याची डीस्पेसची आज्ञा चालवून शोधाचा इंडेक्स (शोधासाठीची शब्दसूची) नव्याने बांधा. कोणी संदर्भसूचीत जुना दुवा दिल्यानंतर हे करायला गेलात, तर तो संदर्भ कायमचा तुटतो.

गूगल स्कॉलरसाठी ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट बंद करून नोंदीचं पान उघडा. शीर्षक आणि पीडीएफचा दुवा दिसला नाही, तर सर्व्हरकडून तयार पान देण्याची सोय बंद पडली आहे. स्कॉलरसाठी पानं वाचत फिरणाऱ्या क्रॉलरलाही कोरंच पान मिळत असणार. शिवाय स्कॉलरची मर्यादा प्रत्येक फाइलला ५ एमबी आहे, आणि नुसत्या चित्रांची पीडीएफ तो वाचत नाही. स्कॅन केलेला प्रबंध ही मर्यादा सहज ओलांडतो. म्हणून वाचकांसाठी हलकी प्रत वेगळी करा आणि मूळ स्कॅन जतनासाठी बंद विभागात ठेवा.

देवनागरी_ओसीआर

शोधाचं सांगतो, कारण त्यात तीन वेगवेगळी दुखणी एकत्र आली आहेत.

टाइप केलेल्या पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून साध्या टेक्स्ट फाइलमध्ये चिकटवा. रोमन अक्षरांचा गिचमिड कचरा आला, तर प्रबंध युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये, म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार दाखवणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये, टाइप झालाय. ‘विद्यापीठ’च्या जागी ‘िवद्यापीठ’ आलं, तर फॉन्ट युनिकोड आहे, पण पीडीएफ करताना अक्षरं दिसण्याच्या क्रमाने साठवली गेली. दोन्हीत पान डोळ्यांना स्वच्छ दिसतं आणि यंत्राला निरुपयोगी असतं.

उपाय: ओसीआर, म्हणजे पानाच्या चित्रावरून मजकूर ओळखणं. त्यासाठी ओसीआर-माय-पीडीएफ हा प्रोग्राम, भाषा मराठी आणि इंग्रजी दोन्ही, पानं ३०० डीपीआय. ‘मजकूर असेल ते पान वगळा’ हा पर्याय इथे घातक, कारण तो कचऱ्यालाच मजकूर समजतो. ओसीआर सक्तीने करायला सांगा. सक्ती केली की पानाचं चित्र होतं आणि फाइल फुगते. मूळ पीडीएफ टाकून देऊ नका.

दुसरं दुखणं मर्यादेचं. डीस्पेस ७ च्या अलीकडच्या आवृत्त्या एका फाइलमधून मुळात पहिली १,००,००० अक्षरंच काढतात आणि शोधाच्या इंडेक्सलाही तेवढीच मर्यादा आहे. मोठ्या प्रबंधाची शेवटची प्रकरणं त्यामुळे शोधात येतच नाहीत. दोन्ही मर्यादा एकदम वाढवा, सोबत जावाची मेमरीही.

तिसरं बारीक आहे, पण छळतं. ‘ऱ्हास’मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. दिसायला एक, साठवणीत दोन, म्हणून शोध हुकतो. सोलरचं (डीस्पेसमागच्या शोधयंत्रणेचं) हिंदी नॉर्मलायझेशन फिल्टर इंडेक्स आणि शोध दोन्हीकडे लावलं की हे दोन्ही जुळतात. त्यात ऱ्हस्व-दीर्घाचा फरकही पुसला जातो, म्हणजे ‘दिन’ आणि ‘दीन’ एकच. मला हा तोटा परवडणारा वाटतो. शीर्षकांत वेलांट्या नाही तरी कमी-जास्त लिहिलेल्या असतातच.

नोंदणी_टेबल

सरसकट ओसीआर मात्र करू नका. संशोधकाकडे मूळ टाइपसेटिंगची फाइल असेल, तर फॉन्ट कन्व्हर्टरने काढलेला मजकूर ओसीआरपेक्षा अचूक येतो; विशेषतः जोडाक्षरं आणि तक्ते. विद्यापीठात सादर झालेली पीडीएफ आहे तशीच ठेवा आणि हा मजकूर शोधासाठीच्या टेक्स्ट बंडलमध्ये (नोंदीतल्या फायलींच्या गटात) पीडीएफच्याच नावापुढे टीएक्सटी लावून जोडा. मजकूर काढणारं डीस्पेसचं काम अशी फाइल आधीच असली की तिला हात लावत नाही, फक्त ते सक्तीने चालवू नका.

मेटाडेटाबद्दल, म्हणजे नोंदीतल्या माहितीबद्दल: तारीख २०१९-०७ अशीच भरा, ‘जुलै २०१९’ नको. ती पदवी मिळाल्याची हवी. चढवल्याची तारीख यंत्रणा आपोआप घेते. मार्गदर्शकांचं नाव वेगळ्या फील्डमध्ये, आणि एका व्यक्तीचं एकच रूप. आद्याक्षरांसह, पूर्ण नावाने आणि आडनाव आधी, अशी तीन रूपं शिरली की यादीत तीन माणसं तयार होतात. ऑर्किडचा, म्हणजे संशोधकाच्या ओळखीचा, १६ अंकी क्रमांक असेल तर जोडाच. शीर्षक देवनागरीत, रोमन किंवा इंग्रजी शीर्षक पर्यायी शीर्षकाच्या फील्डमध्ये.

प्रत्येक प्रबंधाची परिशिष्टं उघडून पाहा. मुलाखत दिलेल्यांची नावं, फोन नंबर, सह्या तशाच राहिलेल्या असतात. लेखकाची परवानगी अनन्य नसलेली (लेखकाला इतरत्रही प्रसिद्ध करता येईल अशी), लेखी घ्या. पुस्तक येणार असेल, तर फाइलवर मुदतबंदी घाला, म्हणजे ती ठरावीक काळ बंद ठेवा. नोंद मात्र उघडी राहू द्या.

ग्रंथदालन

फार उपयोग झाला, मनापासून आभार. कॉपी करून पाहिलं, बहुतेक प्रबंधांत रोमन कचराच येतोय. बॅकअप रोज डेटाबेसचा घेतला तर पुरेल ना?

सर्व्हर_कट्टा

नाही. फायली असेटस्टोअरमध्ये (डीस्पेसच्या फायलींच्या फोल्डरमध्ये) लांबलचक आकड्यांच्या नावाने असतात. कोणता आकडा कोणता प्रबंध, हे फक्त डेटाबेसला माहीत. एक गेलं की दुसऱ्याचा उपयोग संपला, म्हणून दोन्हींचा बॅकअप एकाच वेळचा हवा, आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत. सोलरचा शोध-इंडेक्स पुन्हा बांधता येतो, पण वापराची आकडेवारी फक्त सोलरमध्येच असते. ती वेगळी निर्यात करा. चेकसम तपासणी (फाइल बिघडली का, हे पाहणारी) क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालेल अशी, लावा आणि तिचा अहवाल कोण वाचणार ते नावानिशी ठरवा. रिकाम्या सर्व्हरवर बॅकअपमधून सगळं परत उभं करून बघा, मगच उरलेले प्रबंध चढवा.