चेनिन ब्लँक: साखर भरते, पण आम्लता पार उतरते. काय चुकतंय?

दिंडोरी_दोन_एकर
चेनिन ब्लँक (वाइनचं पांढरं द्राक्ष), दोन एकर, बाग सहा वर्षांची. मुरमाड जमीन, खुंट (ज्यावर कलम केलं ते मूळ झाड) ११०आर, तारेवर उभी बांधणी. गोड छाटणी (फळासाठीची) १२ ऑक्टोबरला, तोडणी ४ मार्चला, एकरी ८ टन. तोडणीच्या दिवशी ब्रिक्स (रसातली साखर) २२.५, पीएच (जितका जास्त तितका आंबटपणा कमी) ३.७, आम्लता लिटरला ४.६ ग्रॅम. वाइन सपक लागते अशी तक्रार आली. फ्रान्समधल्या वूव्रे गावचं चेनिन चुनखडीवर पिकतं म्हणून ताजं राहतं असं म्हणतात. जमिनीत चुना टाकला तर फरक पडेल का?

ओलांडा
दादा, चुना अजिबात नको. आपल्याकडच्या बऱ्याच जमिनींत मुळातच चुनखडी असते, त्यात भर घातली तर लोह अडकून पानं पिवळी पडतील. वूव्रेचा तुफो हा चुनखडीचा दगड मऊ आणि सच्छिद्र आहे, पाणी धरून वेलीला हळूहळू देतो, एवढंच त्याचं काम. त्याच ल्वार नदीवर खाली सावेनिएर गाव आहे. तिथे जमीन शिस्ट या थरथरांच्या, चुना नसलेल्या दगडाची, तरी चेनिनची आम्लाची धार तशीच. दोन्हीकडे द्राक्ष पिकतं ते शरदाच्या थंडीत. आम्ल थंडी राखते, चुना नाही.

मण्यातलं मॅलिक आम्ल उष्णतेत श्वसनात जळून जातं. तुमच्या मण्यात पाणी उतरल्यानंतरचा (मणी मऊ होऊन पिकू लागल्यानंतरचा) शेवटचा टप्पा नेमका फेब्रुवारीअखेर-मार्चच्या उन्हात येतोय. निफाड-दिंडोरीची थंडी जानेवारीत असते, ती वाया जाते आहे. छाटणी सप्टेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घ्या.

ज्वारीएवढा_मणी
ओलांडांचं बरोबर आहे, पण लवकर छाटणीची किंमत सांगायला हवी. परतीचा पाऊस कोवळ्या फुटीवर आला की डाऊनी (बुरशीचा रोग), घड जिरणं (कोवळा घड वाळून नाहीसा होणं), फुलोऱ्यात गळ, सगळं एकदम येतं. पहिल्या वर्षी अर्धा एकरच लवकर घ्या, तोही निचरा सर्वात चांगला असेल तो तुकडा.

दुसरं, एकरी ८ टन हे खायच्या द्राक्षाचं गणित झालं. ओझं जास्त झालं की साखर उशिरा भरते आणि तोडणी आपोआप मार्चमध्ये ढकलली जाते. काडीवर दोनच डोळे ठेवा, वांझ फुटी काढा, मणी ज्वारीएवढे असतानाच घड विरळा आणि ५ टनांवर थांबा. चेनिनचा घड गच्च असतो. आत हवा गेली नाही तर मधले मणी फुटतात आणि तिथून कूज पसरते. ओळी उत्तर-दक्षिण असतील तर घडाजवळची पानं फक्त पूर्वेची काढा. पश्चिमेची ठेवली नाहीत तर दुपारच्या उन्हाने मणी भाजतात.

शेवटच्या महिन्यात ०-०-५० (नुसत्या पोटॅशचं खत) सोडता का?

दिंडोरी_दोन_एकर
हो, तीन वेळा. साखर भरावी म्हणून.

ज्वारीएवढा_मणी
मग पीएचचं एक कारण तिथेच आहे. पोटॅश मण्यात गेलं की टार्टारिक आम्लाला धरून बसतं आणि पीएच चढतो. खायच्या द्राक्षाला हे चालतं, वाइनच्या नाही. फुलोऱ्यात घडासमोरच्या पानांचे देठ तपासायला द्या. त्यात कमतरता दिसली तरच पोटॅश, तेही लवकर.

गाळप_आणि_टाकी
तोडणीचा दिवस ब्रिक्सवर ठरवू नका. अंदाजे तारखेच्या तीन आठवडे आधीपासून दर तीन दिवसांनी २०० मणी गोळा करा: ओळीच्या दोन्ही बाजूंचे, घडाच्या खांद्याचे, मधले आणि टोकाचे, बांधाकडची झाडं सोडून. हात आपोआप पिकलेल्या मण्याकडे जातो, म्हणून मणी न बघता तोडा. सगळे पिशवीत चुरून रस गाळा. १० मिली रसाला ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब घालत पीएच ८.२ पर्यंत न्या. जितके मिली लागले त्याला ०.७५ ने गुणलं की लिटरला किती ग्रॅम आम्ल ते मिळतं. ९ मिली लागले तर ६.७५. पीएच मीटर आधी ४ आणि ७ च्या द्रावणात जुळवून घ्या, नाहीतर सगळी मेहनत फुकट.

ब्रिक्स २१ च्या आसपास, पीएच ३.३, आम्लता ६.५ ते ७ असेल तेव्हा तोडा, पहाटे, आणि ऊन चढायच्या आत क्रेट वायनरीत पोचवा.

गाळपाला लिटरमागे १ ग्रॅम टार्टारिक घातलं तर पीएच साधारण ०.१ उतरतो. ३.७ वरून ३.३ ला आणायचं तर ४ ग्रॅम, आणि ती चव जिभेला वेगळी टोचते. वाइन खराब होऊ नये म्हणून घालायचा मुक्त सल्फर डायऑक्साइड पीएच ३.३ ला लिटरला २५ मिलिग्रॅमच्या आसपास पुरतो, ३.७ ला तेवढ्याच संरक्षणासाठी ६० च्या वर लागतो. चेनिनचा पेरू-नाशपातीसारखा वास त्याखाली दबून जातो.

दिंडोरी_दोन_एकर
नाल्याच्या वरच्या बाजूचा अर्धा एकर निचऱ्याला चांगला आहे. तो १५ सप्टेंबरला घेतो, उरलेली बाग ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. ०-०-५० बंद.

ओलांडा
त्या अर्ध्या एकराचा माल वेगळ्या क्रेटमध्ये, वेगळ्या नोंदीने द्या. एकत्र गाळला तर फरक कळणार नाही.