माजघरात भर दुपारीही दिवा लावावा लागतो. माळा न काढता उजेड कसा आणावा?

नमस्कार मंडळी,

गुहागर तालुक्यात आमचं पणजोबांच्या वेळचं कौलारू घर आहे. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, आतून चुन्याचा गिलावा. पुढे ओटी, मागे स्वयंपाकघर आणि पडवी, मध्ये माजघर. माजघराच्या एका अंगाला देवघर, दुसऱ्या अंगाला बाळंतिणीची खोली. म्हणजे माजघराला बाहेरची भिंतच नाही, मग खिडकी पाडणार कुठे? वर फणसाच्या फळ्यांचा माळा, चुलीच्या धुराने काळाभोर झालेला.

इतकी वर्षं असंच चाललं. यंदा आईच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, तरी देवघरात जाताना ती उंबरठा पायाने चाचपते. ते बघवत नाही. दिवाळीनंतर काम काढायचं आहे, पाऊस लागायच्या आत छप्पर परत शाकारून व्हायला हवं.

गवंडी म्हणतो, माळा काढा, स्लॅब टाका, खाली पांढऱ्या टाइल्स घाला. मला हे नको आहे. कौलांची धग माळ्यामुळेच खाली येत नाही, म्हणून तर मे महिन्यात सगळे माजघरात झोपतात. आणि ओल्या पायांनी आई टाइल्सवर चालणार, या विचारानेच भीती वाटते. कोबा राहू दे.

स्वयंपाकघरावर माळा नाही. तिथे दोन काचेची कौलं बसवून पाहिली, चांगला उजेड पडला. माजघरासाठी असं डोक्यात आहे: उत्तरेच्या उतारावर चार काचेची कौलं, त्यांच्या बरोबर खाली माळ्याच्या दोन-तीन फळ्या काढून दोन फुटांचा चौक, कौलांपासून चौकापर्यंत आतून पांढरी रंगवलेली फळ्यांची पेटी आणि तळाला दुधी काच. तुळईला हात लावायचा नाही. असं कोणी केलं आहे का? एप्रिल-मेमध्ये ऊन जवळजवळ डोक्यावर असतं, तेव्हा पेटी तापून उकाडा खाली उतरतो का? आमच्याकडे वानरांचा फार त्रास आहे. काच टिकेल का, की ॲक्रिलिकची कौलं घ्यावीत? ती पिवळी पडतात असं ऐकलंय.

भिंतींना चुन्याची सफेतीच देणार. ओटीला एकदा प्लास्टिक पेंट दिला होता. चिऱ्यातली ओल बाहेर पडायला वाट राहिली नाही, दुसऱ्या पावसाळ्यात रंगाचे फुगे आले आणि गिलावाही सुटला. पण सफेती अंगाला लागते. ती धरून राहावी म्हणून तुमच्याकडे चुन्यात काय घालतात, डिंक की मीठ? आणि किती?

बहिणीचं म्हणणं, माळ्याच्या फळ्या खालून पांढऱ्या रंगवायच्या, तुळया आणि खांब तसेच लाकडी ठेवायचे. मलाही ते पटतंय, फक्त आधी काजळी निघायला हवी. पॉलिश पेपर मारून खांबांवरचं कोरीव काम झिजवायचं नाही. दुसरा काही उपाय माहीत आहे का?

दिवे २७०० ते ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे घेणार आहे, ते ठरलंय.

चौकाच्या मापाबद्दल कोणी अनुभवातून सांगितलं तर फार मदत होईल. माजघर बारा फूट बाय सोळा फूट आहे, जमिनीपासून माळा साडेआठ फुटांवर.