वर्म गिअरबॉक्सच्या तेलात घर्षण कमी करणारे पॉलिमर ॲडिटिव्ह घालावे का? (मदत हवी आहे)

नमस्कार,

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका डाळ मिलमध्ये यंत्रदेखभालीचे काम माझ्याकडे आहे. आमचे एलिव्हेटर आणि स्क्रू कन्व्हेअर वर्म गिअरबॉक्सवर चालतात. वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला दांडा, पोलादी व त्याने फिरणारे दातेरी चाक ब्रॉन्झचे असून त्यांत आम्ही ४६० ग्रेडचे (हा आकडा दाटपणाचा) कंपाउंडेड तेल, म्हणजे थोडा स्निग्ध पदार्थ मिसळलेले खनिज तेल, वापरतो. तूर आणि हरभऱ्याचा हंगाम थेट उन्हाळ्यात शिरतो, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असताना या गिअरबॉक्सचे अंग ९० अंशांच्या घरात जाते. ऑइल सील लवकर कडक होतात, तेल काळे पडते आणि मोटारही जास्त करंट घेते.

अशातच एका विक्रेत्याने एक बाटली आणून दिली असून, तिच्यातील पॉलिमर धातूवर थर धरतो, त्यामुळे घर्षण व वीजखर्च दोन्ही कमी होतात, असा त्याचा दावा आहे. बाटलीवर घटकांचा उल्लेख नाही. पैसे खर्च करण्यापूर्वी विषय नीट समजून घ्यावा म्हणून मी वाचन केले. त्यातून जे समजले ते येथे मांडतो, जेणेकरून चुकत असल्यास जाणकारांना दुरुस्त करता येईल.

तेलातले बहुतेक पॉलिमर घर्षणासाठी नसून तेलाचा दाटपणा सांभाळण्यासाठी असतात. पॉलिमेथॅक्रिलेटचा लांब रेणू थंड तेलात सुताच्या गुंड्यासारखा आवळलेला असतो आणि तेल तापले की सैल होऊन फुगतो, त्यामुळे तापलेले तेल जितके पातळ व्हायला हवे तितके होत नाही. ऑलेफिन कोपॉलिमर आणि पॉलिआयसोब्युटिलीन हेही याच कामासाठी वापरतात. मात्र दातांच्या दाबाखाली हे लांब रेणू तुटतात आणि एकदा तुटले की तेलाचा गेलेला दाटपणा परत येत नाही.

दुसरा प्रकार मला अधिक महत्त्वाचा वाटला. पॉलिमेथॅक्रिलेटच्या साखळीत ध्रुवीय गट, म्हणजे धातूकडे ओढले जाणारे अणूंचे गट, जोडले, तर ती साखळी धातूला चिकटते. २००६ च्या सुमारास लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये झालेल्या संशोधनात दिसले की हे गट साखळीभर विखुरण्याऐवजी एका टोकाला सलग ठेवले, तर १० ते २० नॅनोमीटर जाडीचा दाट थर तयार होतो आणि कमी वेगातले घर्षण ठळकपणे उतरते. ग्लिसरॉल मोनोओलिएटसारख्या नेहमीच्या घर्षणशामकाचा थर जेमतेम दोन-तीन नॅनोमीटरचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे फरक कळतो.

वर्म गिअरमध्ये दात एकमेकांवर लोळण्यापेक्षा घसरतात अधिक, म्हणून असा थर आमच्या उपयोगाचा ठरावा असे वाटते. पण तो ब्रॉन्झवर धरतो का, आमच्या तेलातला स्निग्ध पदार्थ त्याच्या आड येतो का, आणि बाटलीत नेमका कोणता प्रकार आहे हे मिलमध्ये बसून ओळखता येते का? मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद

आपली मांडणी बरोबर आहे, आणि म्हणूनच ती बाटली ओतू नये असे मी आग्रहाने सांगेन. मी भुसावळला गिअर ऑइलच्या तपासणीचे काम करतो.

आपण वाचलेले प्रयोग मुख्यतः पोलादावर पोलाद घासून आणि मोजके घटक असलेल्या तेलात झालेले आहेत. आपल्या तेलातील स्निग्ध पदार्थही धातूला चिकटूनच काम करतो, त्यामुळे दोघांची जागेसाठी स्पर्धा होते आणि निकाल कोणाच्या बाजूने लागेल हे त्या विशिष्ट तेलात चाचणी केल्याखेरीज सांगता येत नाही. नुसता दाटपणा वाढवणारा पॉलिमर असेल, तर नव्या तेलात फरक वाटेल आणि पुढे तो तुटून तेल पातळ होईल. विक्रेत्याकडे केआरएल चाचणीचा अहवाल मागा. त्यात टेपर रोलर बेअरिंगमध्ये तेल ६० अंशांवर २० तास फिरवतात आणि दाटपणा किती घटला ते मोजतात. अहवाल नसेल, तर विषय तिथेच संपवा. बाटलीत गंधकाचे क्रियाशील संयुग असेल, तर तापलेले ब्रॉन्झ खाल्ले जाईल, आणि हे नुकसान भरून निघत नाही.

घर्षण खरोखरच कमी करायचे असेल, तर वर्म गिअरसाठी पॉलिअल्किलीन ग्लायकॉल तेलाचा विचार करा. येथे तेल स्वतःच पॉलिमर आहे, आणि पोलाद-ब्रॉन्झ जोडीत त्याचे घर्षण खनिज तेलापेक्षा स्पष्टपणे कमी असते. मात्र ते खनिज तेलात मिसळत नाही, म्हणून गिअरबॉक्स पूर्ण रिकामा करून धुवावा लागतो, आणि आतला रंग व सील त्याला टिकतात का हे उत्पादकाला विचारावे लागते. आधी एकाच गिअरबॉक्सवर करून, तेवढ्याच मालावर क्लॅम्प मीटरने करंट मोजावा.

त्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. तेलाची पातळी खुणेच्या वर असेल, तर नुसते तेल घुसळण्यातच उष्णता तयार होते. शिवाय डाळ मिलमध्ये गिअरबॉक्सच्या पंखांवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या बाहेरच्या पट्ट्यांवर, भुसा आणि पावडर बसते व आतली उष्णता बाहेर पडत नाही. मी पाहिलेल्या अनेक तक्रारी या दोन कारणांपलीकडे गेल्या नाहीत.

आणखी एक सांगतो. एलिव्हेटरच्या डोक्यावरचा गिअरबॉक्स दाण्यांच्या वर असतो, तेव्हा तिथे एच-१ प्रतीचे, म्हणजे अन्नाला चुकून लागले तरी चालेल अशी नोंदणी असलेले, तेल असणे योग्य. ही नोंदणी तयार तेलाच्या संपूर्ण घटकांना असते, त्यामुळे वरून काही ओतले की तिला अर्थ उरत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. बाटली परत करत आहे, पंख साफ करून घेतो आणि पातळी तपासतो. एक शंका उरते: आमच्या गिअरबॉक्सची तेलपातळी दाखवणारी काच प्रत्यक्षात पारदर्शक प्लॅस्टिकची आहे. ग्लायकॉल तेलाने तिला तडे जातील का, आणि बदलायची झाल्यास कोणती बसवावी?