कर्नेलमधले हाताने लिहिलेले प्रीफेच: ठेवायचे की काढायचे?

अर्धविराम:
प्रीफेच म्हणजे डेटा लागण्याआधीच तो रॅममधून प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत (कॅशमध्ये) मागवून ठेवणारी सूचना. कर्नेलबाबत (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याबाबत) माझं मत सरळ आहे, सगळे काढा. लिनक्सने २०११ मध्ये लिंक्ड लिस्टच्या (प्रत्येक नोड पुढच्या नोडचा पत्ता बाळगतो अशा यादीच्या) मॅक्रोंमधून (कोडच्या तयार साच्यांमधून) ते काढलेच. तोवर लिस्टवर फिरणारं प्रत्येक लूप पुढच्या नोडचं प्रीफेच आपोआप करायचं. ऐकायला झकास. पण पुढच्या नोडचा पत्ता असतो कुठे? हातातल्याच नोडमध्ये. तो कॅशमध्ये आल्याशिवाय पत्ता कळत नाही, आणि आला की आउट-ऑफ-ऑर्डर प्रोसेसर (सूचना क्रम सोडून जमेल तशा उरकणारा) पुढचं लोड स्वतःच सुरू करतो. लूपचं काम चार ओळींचं असेल तर रॅमपर्यंतचे दोन-तीनशे सायकल (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) लपवणार कशाच्या आड?

हॅश टेबलात (नोंदी छोट्या साखळ्यांत वाटून ठेवणाऱ्या रचनेत) तर कहरच. बहुतेक साखळ्या एक-दोन नोडांत संपतात, म्हणजे पुढचा पॉइंटर (पत्ता) नल, रिकामा. एक्स८६ वर (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर) नलच्या प्रीफेचने काही कोसळत नाही, पण त्या पत्त्याची नोंद टीएलबीत (पत्त्यांच्या भाषांतराच्या कॅशमध्ये) कधीच नसते, त्यामुळे दर वेळी पेज टेबल (पत्त्यांचा मुख्य तक्ता) नव्याने चाळलं जातं. कर्नेल डेव्हलपर इंगो मोलनार यांनी तेव्हा मोजून पाहिलं, तर प्रीफेचशिवायचा कोडच किंचित वेगवान निघाला.

पॅकेटवाली:
लिस्टपुरतं मान्य. पण त्यावरून "सगळे काढा" म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं झालं. १० गिगाबिट लिंकवर सगळी पॅकेट सर्वांत लहान आकाराची आली, तर सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख होतात. एकेकाच्या वाट्याला ६७ नॅनोसेकंद, ३ गिगाहर्ट्झवर जेमतेम २०० सायकल. हेडर (पॅकेटचा सुरुवातीचा भाग) वाचताना एक मिस (कॅशमध्ये डेटा न सापडणं) रॅमपर्यंत गेला की खेळ खलास.

नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये पत्ता आधीच ठाऊक असतो. डिस्क्रिप्टर (कार्डाने ठेवलेली पॅकेटची नोंद) वाचला की बफर कुठे आहे ते कळतं. तिथेच प्रीफेच सोडायचं, मग लांबी तपासणं, एसकेबी (कर्नेलमधलं पॅकेटचं स्ट्रक्चर) तयार करणं उरकायचं. हेडरला हात लावेपर्यंत त्याची लाइन (कॅशमधला तुकडा) आलेली असते. हार्डवेअर प्रीफेचरला (प्रोसेसरमधल्या आपोआप प्रीफेच करणाऱ्या भागाला) हे जमत नाही, कारण बफर वेगवेगळ्या पानांवर विखुरलेले असतात आणि इंटेलचा स्ट्रीमर (असाच एक प्रीफेचर) ४ केबीच्या पानाबाहेर जात नाही.

अर्धविराम:
डीडीआयओ ही सोय असलेल्या झिऑनवर (इंटेलच्या सर्व्हर प्रोसेसरवर) नेटवर्क कार्ड पॅकेट थेट एल३ मध्येच (कॅशच्या शेवटच्या पातळीत) टाकतं. मग रॅमपर्यंत जाणारा मिस उरला कुठे?

पॅकेटवाली:
डीडीआयओला एल३ चे मोजकेच वे (कप्पे) मिळतात. प्रोसेसर मागे पडला की जुनी पॅकेट रॅमकडे ढकलली जातात, आणि मागे पडतो तो नेमका गर्दीच्या वेळी. शिवाय हेच कर्नेल कॉर्टेक्स-ए५३ सारख्या इन-ऑर्डर (सूचना क्रमानेच चालवणाऱ्या) कोअरवरही चालतं. तिथे आलेला मिस कोअरला स्वतःहून फारसा झाकता येत नाही. तू डोळ्यांसमोर एकच मशीन ठेवून बोलतोयस.

नवा_गडी:
भाबडा प्रश्न आहे, हसू नका. चुकीच्या पत्त्याचं प्रीफेच केलं तर ऊप्स (कर्नेलचा एरर) येतो का?

खोडरबर:
नाही, प्रोसेसर ते गुपचूप सोडून देतो. पण "या नोडच्या नेक्स्टचं प्रीफेच" लिहिलंत आणि मूळ नोडचाच पॉइंटर खराब असेल तर हमखास येतो. नेक्स्ट वाचणं हे साधं लोडच आहे, त्याला प्रीफेचची सवलत नाही. इथे बरेच जण फसतात.

मूळ वादात मी काढणाऱ्यांच्या बाजूचा, पण कारण वेगळं. एल१ (सर्वांत जवळच्या कॅश) मधून बाहेर गेलेल्या मिससाठी लाइन फिल बफर (मागवलेल्या लाइनसाठीच्या जागा) मोजकेच असतात, इंटेलच्या हॅसवेलवर १०. फुकटचं प्रीफेच त्यातली एक जागा अडवतं आणि खरं लोड ताटकळतं. कुणीतरी एका चिपवर अंतर (किती आधी प्रीफेच करायचं ते) जुळवून ती ओळ लिहितो, पुढे आसपासचा कोड बदलतो, स्ट्रक्चरमधली फील्ड हलतात, आणि ओळ मात्र देवघरातल्या टाकासारखी हलवायची कुणाची छाती होत नाही. मायक्रोबेंचमार्कचे (कोडच्या छोट्या तुकड्याच्या वेगचाचणीचे) आकडे तर मला दाखवूच नका. त्यात सगळा डेटा आधीच कॅशमध्ये असतो, प्रीफेचची परीक्षाच होत नाही.

पॅकेटवाली:
आकडे हवेतच, खऱ्या लोडवरचे. पण मग काढणाऱ्या पॅचनेही (कोडबदलानेही) आकडे द्यावेत. "जुनं दिसतंय म्हणून उडवलं" असा पॅच माझ्या ड्रायव्हरवर आला तर मी नाकारणार.

अर्धविराम:
उलट आहे. ओळ ठेवायची असेल तर ठेवणाऱ्याने मोजावं. काढायला आकडे लागतच नाहीत, कोड कमीच होतोय ना?

पॅकेटवाली:
आणि थ्रूपुट कमी झाला तर बग रिपोर्ट कुणाच्या नावावर येणार, तुझ्या की माझ्या?